फळमाशी : खानदेशातल्या छोट्या बागांसाठी एकात्मिक व्यवस्थापन

फळमाशीचे आयुष्य तीन ठिकाणी विभागलेले असते. अंडी आणि अळी फळाच्या आत, कोष झाडाखालच्या मातीत आणि माशी हवेत. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या अणकुचीदार नळीने फळाची साल भेदते आणि सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खात वाढतात, पुरत्या वाढल्या की फळाबाहेर पडून मातीत शिरतात, तिथे कोषात जातात आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येतात. फवारणीचे औषध यांतल्या फक्त माशीपर्यंत पोचते. फळातल्या अळीला आणि मातीतल्या कोषाला त्याचा जवळजवळ काहीच उपद्रव होत नाही. म्हणूनच केवळ फवारणीच्या भरवशावर राहिलेल्या बागेत माशी पुन्हा पुन्हा येते आणि औषधाला दोष दिला जातो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या किडीच्या तीन वेगवेगळ्या टोळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. आंबा, पेरू, सीताफळ यांसारख्या झाडाच्या फळांवर बॅक्ट्रोसेरा वंशातल्या माश्या येतात. त्यांत डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तीन जाती महत्त्वाच्या. कारले, गिलके, दोडके, काकडी, टरबूज, खरबूज या वेलींवर येणारी माशी वेगळी. तिचे शास्त्रीय नाव झ्युगोडाकस कुकर्बिटी. बोरावरची माशी तिसरीच. ती कार्पोमिया वेसुवियाना, आणि ती बोरकुळातल्या झाडांखेरीज दुसरीकडे वाढत नाही. पेरूच्या बागेतला सापळा कारल्याच्या मंडपात टांगला तर तो रिकामा राहतो आणि ‘सापळे काही कामाचे नाहीत’ असा समज पसरतो. दोष सापळ्याचा नसतो, चुकीच्या माशीसाठी तो लावलेला असतो.

केळीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांचे सगळे अर्थकारण तिच्यावर उभे आहे. घडातली पक्की पण हिरवी केळी फळमाशीला मानवत नाहीत. हिरव्या सालीतल्या चिकामुळे आणि टणकपणामुळे तिथे तिची पिढी तयार होत नाही. केळी कापणीला हिरवीच उतरते, त्यामुळे या पिकाचे थेट नुकसान नगण्य. पण झाडावरच पिकलेली, उन्हाने तडकलेली किंवा विक्रीतून बाद होऊन बांधावर टाकलेली केळी माशीला चालतात. अशा ढिगाशेजारी पेरू किंवा आंब्याची बाग असेल तर तो ढीग माशीचे पाळणाघर ठरतो. केळी उत्पादकाचे स्वतःचे काही बिघडत नाही, शेजाऱ्याचे बिघडते. पपईचेही असेच आहे. शिरपूर, चोपडा भागात ती सालीवर पहिली पिवळी रेघ दिसताच तोडली तर बहुधा निर्धोक राहते, झाडावर पिकू दिली की डंख बसतो.

माशीचे दिवस आणि हंगाम

उबदार हवेत अंडी एक ते तीन दिवसांत उबतात. अळी साधारण आठवडा ते दहा दिवस गरात असते. पुढे ती मातीत बहुधा दोन ते दहा सेंटीमीटर खोलीवर कोष करते आणि आठ ते बारा दिवसांनी माशी बाहेर येते. बाहेर आलेली मादी लगेच अंडी घालत नाही. अंडी पक्व होण्यासाठी तिला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि त्या काळात तिला साखर आणि प्रथिने दोन्ही हवी असतात. ही भूक पुढे फार उपयोगाची ठरते, कारण आमिषाचे सगळे तंत्र तिच्यावरच उभे आहे. असे सारे धरून पोषक हंगामात एक पिढी महिन्याभरात होते, आणि एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. जूनमध्ये बागेत थोड्याच माश्या असल्या तरी ऑगस्टपर्यंत त्यांच्या दोन पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. कोरड्या, तापलेल्या शिवारात माशी त्या दिवसांत कमी होते, पण नाहीशी होत नाही. पाणी मिळणाऱ्या बागांच्या गारव्यात, विहिरीजवळच्या झाडांत ती तग धरते. झोनाटा ही जात तर उष्ण, कोरडी हवा इतरांपेक्षा चांगली सोसते. मेअखेरीचा उशिरा पिकणारा गावरान आंबा तिचे पहिले मोठे खाद्य. पाऊस पडताच माती ओली होते, कोषातल्या माश्या सहज वर येतात, पेरू तयार होऊ लागतो आणि संख्या झपाट्याने चढते. बोराची माशी याच्या उलट हिवाळ्यात, बोरे भरताना जोर करते.

नुकसान ओळखणे

डंख बसलेल्या जागी सुरुवातीला सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. कारले किंवा काकडीवर तिथून डिंकासारखा द्रव येऊन सुकतो आणि फळ त्या बाजूला वाकडे होते. पेरूत ठिपक्याभोवतीची साल मऊ पडते, आंब्यावर काळसर डाग दिसतो. फळ चिरल्यावर पांढरट, बिनपायांच्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या दिसतात. पूर्ण वाढलेली अळी उघड्यावर ठेवली तर अंग दुमडून उडी मारते. ही खूण पक्की आहे. डोके आणि पाय स्पष्ट दिसणारी अळी असेल तर ती फळ पोखरणाऱ्या पतंगाची किंवा फुलपाखराची, आणि तिचे उपाय वेगळे.

सडक्या फळावर घोंगावणाऱ्या बारीक चिलटांना फळमाशी समजण्याची चूक बरेचदा होते. चिलटे फळ सडल्यावर येतात, सडवत नाहीत. मोसंबीच्या बाबतीत दुसरी गफलत घडते. जामनेर, पाचोरा, भडगाव भागात पावसाळ्याच्या उत्तरार्धात मोसंबीला गोल छिद्र पडून रस गळतो आणि फळ खाली येते. हा उद्योग बहुधा रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगांचा असतो. फळ चिरून आत अळी आहे का हे पाहिल्याशिवाय सापळ्यांवर पैसा घालू नये.

पडलेले फळ

सगळ्या उपायांत स्वस्त, सगळ्यांत परिणामकारक आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा उपाय म्हणजे पडलेली व डंख बसलेली फळे गोळा करून त्यांचा नाश करणे. पेरूच्या एका किडक्या फळात अनेक अळ्या असतात. ते झाडाखाली पडून राहिले तर आठवड्याच्या आत त्या मातीत गेलेल्या असतात. म्हणून फळे रोज, निदान एक दिवसाआड वेचावीत. आठवड्यातून एकदा वेचणे म्हणजे कष्ट करून रिकामी फळे गोळा करण्यासारखे, कारण अळ्या तोवर निघून गेलेल्या असतात. झाडावरचीच मऊ पडलेली, ठिपक्यांची फळेही याच फेरीत तोडावीत.

गोळा केलेली फळे शेणखताच्या ढिगावर, नाल्यात किंवा बांधावर टाकू नयेत. उघड्या ढिगात अळ्यांची वाढ पूर्ण होते. दोन फूट खोल खड्ड्यात फळे टाकून वर माती घट्ट दाबावी. वरवर माती लोटलेल्या उथळ खड्ड्यातून माश्या सहज बाहेर येतात. मजूर मिळत नसतील तर जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फळे भरून तोंड घट्ट बांधावे आणि पिशवी आठ-दहा दिवस उन्हात ठेवावी. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. पिशवी फाटकी नसावी, आणि ढगाळ दिवसांत ती जास्त काळ बंद ठेवावी. ताजी पडलेली फळे शेळ्यांना लगेच खाऊ घालण्याची गावाकडची पद्धतही चांगली, मात्र ती त्याच दिवशी खाल्ली जायला हवीत. हवाई बेटांवर या कामासाठी जाळीचे तंबू वापरले गेले. फळे आत टाकली की माश्या आतच अडकतात, पण माशीच्या अळ्यांवर जगणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या जाळीच्या छिद्रांतून सुटून पुन्हा बागेत जातात. मच्छरदाणीपेक्षा थोडी वेगळी, नेमक्या छिद्रांची जाळी मिळाली तर हे इथेही करता येईल.

झाडाखालची जमीन पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्यात हलकी चाळावी. कोष वर येतात, ऊन लागते, मुंग्या आणि पक्षी ते वेचतात. बागेत कोंबड्या सोडता येत असतील तर त्यांना हे काम चांगले जमते. नांगराने खोल जाण्याची गरज नाही, वरचा चार-पाच इंचांचा थर हलला तरी पुरे. पेरूसारख्या झाडांची वरची मुळे तुटणार नाहीत एवढे पाहावे.

बहार आणि तोडणी

पेरूच्या बाबतीत माशीवरचा सर्वांत मोठा निर्णय फुले लागण्यापूर्वीच घेतला जातो. जानेवारी-फेब्रुवारीतल्या आंबे बहाराची फळे पावसाळ्यात तयार होतात, नेमकी माशी ऐन भरात असताना. जून-जुलैतल्या मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात. माशी तेव्हा मंदावलेली असते, फळाला गोडी जास्त असते आणि ते टिकतेही. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाझर तलाव आणि विहिरी आटलेल्या कोरडवाहू तालुक्यांत हा ताण तसाही बसतोच, त्यामुळे पाणी आणि कीड या दोन्ही अडचणींना एकच उत्तर मिळते. जमीन भारी काळी असेल तर ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या मुरमाड जमिनीत तो लवकर बसतो. पावसाळ्यात बाजार रिकामा असतो म्हणून आंबे बहारच हवा असे ज्यांना वाटते, त्यांनी पिशव्या आणि आमिष यांचा खर्च त्याच बहाराच्या हिशोबात धरावा. तो धरला की बाजारातला जादा भाव बराचसा विरघळतो.

आंबा पाडाला येताच उतरवावा. झाडावर पिकू दिलेला आंबा चवीला कितीही उजवा असला तरी माशी त्याच्यावरच बसते. गावाभोवतीच्या, कुणाचीच देखभाल नसलेल्या गावरान झाडांखाली जूनमध्ये आंब्यांचा सडा पडतो. तो उचलणे हे कुणाच्याच नावावरचे काम नसते, आणि माशीच्या पावसाळी लाटेची सुरुवात बरेचदा तिथूनच होते.

पिशवी हा पेरूच्या छोट्या बागेतला खात्रीचा अडसर आहे. फळ लिंबाएवढे झाले की, डंख बसण्यापूर्वी, ते कागदी किंवा नॉनव्होव्हन पिशवीत घ्यावे. हल्ली आत फोमची जाळी आणि वर पारदर्शक पिशवी अशी जोडी वापरली जाते. तिच्यात खालून पाणी निथळण्यास जागा ठेवणे गरजेचे, नाहीतर पावसाळ्यात फळ कुजते. डंख आधीच बसलेले फळ पिशवीत घातले तर अळी आत सुरक्षित वाढते, म्हणून पिशवी चढवताना प्रत्येक फळ फिरवून पाहावे. अर्धा-एक एकर पेरू असणाऱ्या घराला हे काम घरच्या माणसांवर जमते. आंब्याला आणि कारल्यालाही कागदी पिशव्या चालतात, पण उंच झाडांवर त्यांचा खर्च परवडत नाही.

गंध सापळे

फळमाशीच्या नराला काही वासांचे विलक्षण वेड असते, आणि हा शोध भारतातच लागला. बिहारमधल्या पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे येणाऱ्या फळमाश्यांची नोंद केली आणि १९१५ पर्यंत त्यातले खेचणारे द्रव्य मिथाईल युजेनॉल असल्याचे दाखवले. तुळशीतही हे द्रव्य असते. आज जगभर वापरले जाणारे सापळे त्या निरीक्षणातून आलेले आहेत. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा यांचे नर मिथाईल युजेनॉलकडे येतात. वेलींवरच्या माशीचे नर त्याकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी क्यू ल्युअर हे वेगळे द्रव्य लागते. खरेदी करताना दुकानात केवळ ‘फळमाशीचा सापळा’ न मागता पीक सांगावे आणि ल्युअरच्या वेष्टनावरचे नाव वाचून घ्यावे.

सापळा घरीही तयार होतो. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीला वरच्या भागात समोरासमोर बोट जाईल एवढी चार छिद्रे पाडावीत आणि आत तारेने प्लायवूडचा तुकडा लटकवावा. हा तुकडा अल्कोहोल, मिथाईल युजेनॉल व कीटकनाशक यांच्या ६:४:१ प्रमाणातल्या मिश्रणात दोन-तीन दिवस भिजवलेला असतो. तो तयार विकत घेणे सोयीचे आणि हाताळणीच्या दृष्टीने सुरक्षितही. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. सापळा झाडाच्या सावलीत, माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर टांगावा, पानांनी छिद्रे झाकली जाऊ नयेत. तारेला ग्रीस लावल्यास मुंग्या आत जाऊन मेलेल्या माश्या नेत नाहीत आणि मोजणी खरी राहते. तुकडा चार ते सहा आठवड्यांनी बदलावा. वास उडालेला सापळा झाडावर नुसता टांगलेला राहतो.

केवळ माशीचा अंदाज घ्यायचा असेल तर एकरी एक-दोन सापळे पुरतात. नर मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर एकरी सहा ते दहा लावावे लागतात. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी माश्या मोजून वहीत लिहिणे हा सापळ्याचा अर्धा उपयोग आहे, आणि तोच बहुधा सोडून दिला जातो. आकडा कुठल्या आठवड्यात चढू लागला हे कळले की आमिषाची फवारणी नेमक्या वेळी सुरू होते.

मात्र सापळ्याकडून किती अपेक्षा धरावी याची मर्यादाही स्पष्ट असावी. त्यात फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांशी संग करतो, म्हणून थोडे नर उरले तरी अंडी फळवत राहतात. शिवाय शेजारच्या शेतातून आलेली मादी बहुधा आधीच फळलेली असते. एका एकरातले दहा सापळे नरांनी भरून गेले आणि पेरू तरीही किडला, असे घडते ते याच कारणाने. १९६०च्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावरून डॉर्सालिस माशी नर संपवण्याच्या याच तंत्राने समूळ नाहीशी केली गेली, जपानच्या ओकिनावात १९८६ मध्ये तसेच घडले. तिथे चारही बाजूंना समुद्र होता आणि काम सगळ्या बेटावर एकाच वेळी झाले. तापीकाठच्या शिवाराला असा समुद्र नाही. इथे सापळ्याला स्वच्छतेची आणि आमिषाची जोड लागते.

आमिष

मादीवर थेट घाव घालणारा उपाय म्हणजे आमिष. अंडी पक्व करण्यासाठी तिला लागणारी साखर आणि प्रथिने यांत थोडे कीटकनाशक मिसळून ते ठिपक्याठिपक्यांनी फवारायचे. गुळाचे प्रमाण एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम ठेवावे. बाजारात मिळणारे प्रथिन आमिष वापरल्यास माद्या अधिक येतात. कीटकनाशक त्या पिकासाठी मान्यता असलेले आणि लेबलवर दिलेल्या मात्रेतच घ्यावे. मोनोक्रोटोफॉस हे एकेकाळी हमखास वापरले जाणारे औषध. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी होती आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदीचा आदेश काढला. घरातल्या जुन्या बाटल्या आमिषातही वापरू नयेत.

आमिष झाडभर फवारायचे नसते. प्रत्येक झाडाच्या खोडावर किंवा खालच्या पानांच्या मागच्या बाजूला हातभर जागेत, जाड थेंबांनी, सकाळी लवकर ते द्यावे. फळांवर थेंब पडू देऊ नये. सात ते दहा दिवसांनी पुन्हा द्यावे, आणि मध्ये जोराचा पाऊस झाल्यास ते वाहून गेले असे समजून नव्याने द्यावे. संपूर्ण झाड भिजवण्याच्या तुलनेत औषध फारच थोडे लागते, मधमाश्या आणि परोपजीवी कीटक वाचतात, आणि फळावर अंश राहत नाही.

वेलवर्गीय भाज्या

गिलके आणि कारले यांची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी होते. बहुतेक कीटकनाशकांचा फवारणी आणि तोडणी यांमधला सक्तीचा कालावधी याहून मोठा असतो. म्हणजे या पिकांत सरसकट फवारणी केली तर एकतर तोडा सोडावा लागतो किंवा औषधासकट भाजी बाजारात जाते. दुसरी गोष्ट घडू नये यासाठी इथे क्यू ल्युअर आणि आमिष यांच्यावरच भर द्यावा.

या माशीची एक सवय मोलाची आहे. मादी अंडी घालण्यापुरती वेलीत येते आणि उरलेला दिवस शेजारच्या उंच पिकांत, झुडपांत विसावते. खानदेशात वेलींच्या बांधाला मका किंवा ज्वारी असतेच. नसेल तर मंडपाभोवती मक्याच्या दोन ओळी टोकाव्यात. आमिष वेलीवर न देता या मक्याच्या पानांवर द्यावे. बहुतेक वेलींची फुले सकाळी उमलतात आणि परागीकरण मधमाश्यांवर अवलंबून असते, त्यामुळे वेल औषधमुक्त ठेवण्यात पिकाचाही फायदा आहे. लहान, नुकती धरलेली, वाकडी झालेली फळे तोड्याच्या वेळी वेगळ्या टोपलीत घेऊन नष्ट करावीत. ती मंडपाखाली टाकून पुढे जाण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड. बांधावरची रानटी शेंदाडे आणि तोंडलीचे जंगली वेलही काढावेत. टरबूज-खरबुजात फळ लहान आणि सालीला मऊ असतानाच डंख बसतो; मोठ्या, कडक सालीच्या फळाला भीती कमी.

बोर : वेगळी माशी, वेगळा उपाय

जळगाव शहरालगतच्या मेहरूणचे बोर हे स्वतंत्र वाण म्हणून देशभर ओळखले जाते, आणि हलक्या, कमी पावसाच्या जमिनीत बोराइतके कमी पाण्यावर येणारे फळझाड दुसरे मिळणे कठीण. पण दुर्लक्षित बागेत निम्म्याहून अधिक फळे किडल्याच्या नोंदी देशात आहेत. मादी फळ वाटाण्याएवढे असतानाच अंडी घालू लागते. अळी बियाभोवतीचा गर खाते, तो तपकिरी पडून कुजतो आणि फळ वेडेवाकडे होते. वरून चांगले दिसणारे बोर चावल्यावरच कीड कळते, म्हणून गिऱ्हाईक एकदा फसले की परत फिरत नाही.

या माशीला खात्रीने खेचून आणणारा, मिथाईल युजेनॉलसारखा गंध हाताशी नाही. पेरूसाठी आणलेल्या सापळ्यांवर बोराची बाग सोडून देऊ नये. इथे भर मातीवर आणि वेळेवर द्यावा लागतो. हंगामाअखेरीस मातीत गेलेल्या कोषांपैकी काही उन्हाळाभर निद्रेत राहतात आणि पुढच्या फळधारणेला माशी होऊन वर येतात. एप्रिल-मेमध्ये छाटणी झाली की झाडाखालची माती खणून उलटी करावी आणि तळपत्या उन्हात उघडी ठेवावी. खानदेशाचे ऊन या एका कामात शेतकऱ्याच्या बाजूने आहे. बांधावरची रानबोरे आणि चणीबोराची झुडपे फळावर येऊ देऊ नयेत. माशीला ती बागेइतकीच चालतात. फळे वाटाण्याएवढी होताच पहिली फवारणी किंवा आमिष, त्यानंतर निरीक्षणानुसार पुढचे. फळ भरल्यावर केलेली फवारणी वाया जाते, कारण अळी तोवर बियाशी पोचलेली असते. तोडणी वारंवार करावी आणि शेवटच्या तोड्यानंतर झाडावर चार बोरेही शिल्लक ठेवू नयेत.

शिवाराचे काम

दोन-तीन एकरांच्या शेतात वरचे सगळे चोख केले तरी शेजारच्या बेवारस पेरूच्या झाडावरून माशी येत राहते. ती सहज बांध ओलांडते. म्हणून सलग बागांच्या मालकांनी, शक्य असेल तिथे अख्ख्या शिवाराने, एका आठवड्यात सापळे टांगणे, एकाच दिवशी तुकडे बदलणे आणि गावठाणातल्या, मंदिर-शाळेच्या आवारातल्या झाडांखालची फळे उचलण्याची जबाबदारी वाटून घेणे आवश्यक आहे. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट असेल तर ल्युअर एकत्र घेता येतात आणि दर्जा तपासता येतो. सापळ्यांची आणि आमिषाची ताजी शिफारस रावेर तालुक्यातल्या पाल येथील, जळगावजवळच्या ममुराबादच्या किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून हंगामापूर्वी घ्यावी.

तोडणीनंतरही माशीचा प्रश्न संपत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि कारले, पडवळ यांच्यासह काही भाज्यांची आयात थांबवली, ती मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळे. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण त्यानंतर निर्यातीच्या आंब्याला ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्यासारखी प्रक्रिया बंधनकारक झाली. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला २००७ पासून विकिरण लागते. या प्रक्रिया पॅकहाउसमध्ये, नेमक्या तापमानावरच कराव्या लागतात. घरच्या पातेल्यात अंदाजाने फळ उकळून काढू नये. स्थानिक बाजारासाठी एवढे पुरे की प्रतवारी शेतातच व्हावी, डंखाचे फळ क्रेटमध्ये जाऊ नये, आणि बाजारातून परत आलेला नासका माल त्याच संध्याकाळी पुरला किंवा पिशवीबंद केला जावा.